दाबोळीच्या जुन्या विमानांवर छप्पर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दाबोळी विमानतळाजवळून बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक आहे. शाळेच्या सहलीबरोबर किंवा बाहेरगावचे पाहुणे घेऊन आपल्यापैकी अनेकजण तिथे जाऊन आलेले असतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात इमारतीतील दालनेही पाहण्यासारखी आहेत. पण त्याची खरी संपत्ती म्हणजे बाहेरच्या आवारात उभी केलेली विमाने, आणि ती वर्षानुवर्षे ऊन, पाऊस व खारा वारा सोसत उघड्यावर उभी आहेत. या विमानांवर, निदान त्यांतल्या सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत नाजूक विमानांवर, छप्पर घालण्याचे काम आता हाती घ्यावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. माझी सारी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे धातू कसा खराब होतो आणि तो वाचवायला काय लागते याची मला चांगली कल्पना आहे. संग्रहालय चालवणाऱ्या नौसैनिकांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. हाती आहे त्या साधनांत ते हा ठेवा लोकांसाठी खुला ठेवत आले आहेत. उपेक्षा झाली आहे ती आपण गोवेकरांकडून, कारण आपल्या दारात काय उभे आहे याची चौकशी आपण फारशी केलेलीच नाही.

त्या आवारात शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरू शकणारे एक छोटे विमान आहे. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीने ते बनवले आणि या जातीची विमाने एकूण पंचवीसच्या आसपासच तयार झाली. त्यातली दहा भारताच्या नौदलाने घेतली. १९५३ मध्ये ती कोचीला दाखल झाली, त्याच वर्षी ११ मे रोजी तिथे आयएनएस गरुड हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला, आणि भारतीय नौदलाचे स्वतःचे विमानदल उभे राहिले ते या सीलँडपासून. आज या जातीची विमाने जगात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत, आणि त्यातले एक आपल्या मुरगाव तालुक्यात आहे. या विमानाचे काही बरेवाईट झाले, तर ते भरून काढायला दुसरे सीलँड विकत मिळणार नाही.

शेजारी फेअरी फायरफ्लाय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या या इंग्लिश लढाऊ विमानाचा आपल्या नौदलाने वेगळाच उपयोग करून घेतला: विमानाच्या मागे लांब दोराने एक कापडी निशाण ओढत न्यायचे आणि जहाजावरच्या तोपचींनी त्यावर नेमबाजीचा सराव करायचा. ज्याच्या दिशेने रोज तोफा झाडल्या जातात असे विमान चालवणाऱ्यांची नावे कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत, पण ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. व्हॅम्पायर या दोन आसनी प्रशिक्षण विमानाची गोष्ट आणखी नाजूक आहे. हे जेट विमान असले तरी वैमानिक जिथे बसतो तो त्याचा पुढचा भाग चक्क लाकडी आहे. मधे हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी प्लायवूड, अशा थरांचा तो बनलेला असतो. असे लाकूड तपासायची आमच्या धंद्यातली जुनी रीत म्हणजे नाण्याने हलकेच ठोकत जाणे. थर घट्ट असतील तर आवाज खणखणीत येतो, आणि आत ओल शिरून थर सुटले असतील तर तोच आवाज बद्द होतो. वरचा रंग मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच चकचकीत दिसत असतो. लाकडी अंगाचे विमान गोव्याच्या पावसात उघड्यावर ठेवू नये, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

सर्वांत मोठे, आणि मुले ज्याच्याकडे पहिल्यांदा धावतात ते, चार इंजिनांचे आणि तीन शेपट्यांचे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाच्या वैभवाच्या काळात १९५४ पासून या जातीची विमाने परदेशच्या मार्गांवर धावत होती. जेट विमाने आल्यावर ती हवाई दलाकडे गेली आणि पुण्याच्या लोहगाव तळावरील सहाव्या स्क्वाड्रनमध्ये समुद्रावर टेहळणीचे काम करू लागली. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे आले, तेव्हा त्या कामाबरोबर ही विमानेही दाबोळीला आली. प्रवासी विमान म्हणून जन्मलेल्या यंत्राने असे तीन धन्यांकडे काम करून शेवटी गोव्यात मुक्काम करावा, ही गोष्ट मला नेहमीच फार मोठी वाटत आली आहे. याच सहाव्या स्क्वाड्रनकडे त्या काळात लिबरेटर ही बाँबफेकी विमानेही होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने ती कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातूनच चाळीसेक विमाने पुन्हा उडती केली आणि ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली. निवृत्त झाल्यावर त्यातली काही ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांना देण्यात आली. जगात आज जी मोजकी लिबरेटर विमाने पाहायला मिळतात त्यातली अनेक अशी भारतातून गेलेली आहेत, आणि तिकडे ती बंद दालनात कोरडी उभी आहेत.

गवत वाढलेल्या धावपट्ट्यांच्या कडेला पडून राहिलेल्या विमानांचे आपल्या देशात एरवी काय झाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी संग्राहकांनी येथील तळांवरून स्पिटफायर आणि टेम्पेस्ट या जुन्या लढाऊ विमानांचे सांगाडे विकत घेऊन नेले, कारण आपल्या हिशेबी ते भंगार होते. मी स्वतः एका दुसऱ्या राज्यातील लहानशा धावपट्टीवर एक जुने प्रशिक्षण विमान पाहिले आहे. त्याची चाके आसापर्यंत मातीत रुतली होती, वरची काच फुटलेली होती, आणि समोरच्या फळीवरची घड्याळे कोणीतरी पेचकसाने व्यवस्थित काढून नेल्याने तिथे नुसती गोल भोके राहिली होती. ते विमान ज्या संस्थेच्या ताब्यात होते तिच्या कागदपत्रांत त्याची नोंद 'सुस्थितीत' अशीच होती.

गोव्यापुरते बोलायचे तर या विमानांशी आपले नाते आणखी जवळचे आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँबफेक केली, आणि त्या रात्री अंधाराचा फायदा घेऊन पोर्तुगीजांची दोन विमाने उरलेल्या तोकड्या पट्टीवरून उडून कराचीकडे निसटली. मुक्तीनंतर विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला. त्याआधी ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइंबतूरजवळ सुलूर येथे आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळाची स्थापना झाली होती, आणि नौदलाचे वैमानिक तिथे व्हॅम्पायर विमानांवर जेट उड्डाण शिकत होते. १९६४ मध्ये हंसा दाबोळीला हलली आणि कायमची इथली झाली. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून कॉक्स बझार आणि चित्तगावच्या बंदरांवर हल्ला करणारी सी हॉक आणि अलिझे, डिसेंबर १९८३ मध्ये इथे पहिल्यांदा उतरलेली आणि ११ मे २०१६ रोजी इथेच निरोप घेतलेली सी हॅरिअर, या सर्वांचे घर दाबोळी हेच होते. वास्को, चिखली, बोगमाळो इथल्या कितीतरी घरांतील माणसांनी या विमानांना हात लावून पोट भरले आहे, आणि आमच्या घरांच्या खिडक्यांची तावदाने त्यांच्याच आवाजाने थरथरत आली आहेत.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांचा समज असा असतो की विमान ॲल्युमिनियमचे असते, ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, तेव्हा ते उघड्यावर राहिले तरी काय बिघडते. हा समज घातक आहे. विमानासाठी वापरतात तो शुद्ध ॲल्युमिनियम नसून तांबे वगैरे मिसळून मजबूत केलेला मिश्रधातू असतो, आणि मजबुतीच्या बदल्यात त्याची खाऱ्या हवेला तोंड देण्याची ताकद कमी झालेली असते. त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा जो पातळ मुलामा असतो, तो एकदा कुठे खरवडला गेला की मिठाला वाट मिळते. जुन्या विमानाच्या पंखाखाली वाकून रिव्हेटच्या ओळीकडे पाहिले तर आधी रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाचा एक बारीक फुगवटा दिसतो. नखाने तो उचलला की आत पिठासारखी पांढरी पूड असते. ती पूड म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत जो धातू होता तोच. पुढे दोन पत्र्यांच्या सांध्यात ही पूड साचते, फुगते आणि आतून पत्रा उचलून धरते, मग पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. जिथे पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकत्र येतात तिथे खाऱ्या ओलीत हे काम दुप्पट वेगाने चालते. त्या काळच्या विमानांत चाकांचे आणि इंजिनांचे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असत, ते तर सर्वांच्या आधी जातात. पंखाच्या पोटाला पाणी निघून जाण्यासाठी पेन्सिलीएवढी बारीक भोके ठेवलेली असतात. त्यांत कुंभारमाशी मातीचे घर बांधते, भोक बुजते, आणि मग पावसाचे पाणी दसरा उलटून गेला तरी पंखाच्या आतच राहते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि बोगमाळोचा समुद्र संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळा तोंडावर आला की आपले लोक अजूनही गावच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतींना झावळ्यांचा आडोसा करतात, तो उगीच नव्हे. सेवेत असलेले विमान समुद्रावर खालून उडून आले की परतल्यावर गोड्या पाण्याने धुतले जाते, हा नौदलाचा रोजचा शिरस्ता आहे, आणि निवृत्त विमानाला तीच निगा अधिक लागते, कारण त्याच्याकडे पाहायला आता कोणी वैमानिक येत नाही.

आपल्याकडे जुन्या वस्तूची निगा म्हणजे रंगकाम असे समीकरण झाले आहे. कोणी मोठा पाहुणा येणार म्हटले की रंगाचे डबे येतात आणि आठवड्याभरात सारे नवे दिसू लागते. पण खराब धातू घासून, मीठ धुऊन, योग्य अस्तर लावून मग रंग दिला तरच त्याचा उपयोग. पांढऱ्या पुडीवर ब्रशाने रंग फासला तर ओल आत कोंडली जाते आणि नुकसान झाकून वाढत जाते. शिवाय प्रत्येक नव्या थराखाली मूळ खुणा, क्रमांक आणि सूचनांची अक्षरे बुजत जातात, आणि संग्रहालयात त्यांचे मोल विमानाइतकेच असते.

म्हणून सुचवतो की पहिला टप्पा छोटाच धरावा. सीलँडच्या पंखांचा विस्तार १९ मीटरच्या आत आहे, फायरफ्लायचा साडेतेरा मीटरच्या आसपास आणि व्हॅम्पायरचा १२ मीटरच्या आत. ही तिन्ही विमाने एका मध्यम आकाराच्या, पोलादी खांबांवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहज मावतात. काजूच्या किंवा फेणीच्या गोदामासाठी बांधतात त्याहून फार मोठी ती शेड असणार नाही. मात्र नुसते छप्पर घालून बाजू उघड्या ठेवल्या तर एक नवीच अडचण उभी राहते, आणि ती आधीच सांगितलेली बरी: पाऊस लागत नाही म्हणजे अंगावर बसलेले मीठ धुतलेही जात नाही, आणि दमट हवेत ते मीठ आपले काम करत राहते. त्यामुळे समुद्राकडची बाजू बंद हवी, आणि ठरावीक मुदतीने गोड्या पाण्याने धुण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहिलेली हवी. टायरवरचा भार काढून विमाने आधारांवर उभी करणे, पाणी जाण्याची भोके मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोकळी करणे, काचेसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या छतांवर उन्हाळ्यात कापडी आच्छादन घालणे, ही कामे तर फारशा खर्चाशिवाय येत्या हंगामापासूनच सुरू करता येतील. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पंखांचा विस्तार ३७ मीटरपेक्षा जास्त आहे आणि त्याला निवारा देणे हे मोठे काम आहे, हे मान्य. ते दुसऱ्या टप्प्यात घ्यावे, पण त्याचा आराखडा पहिल्याबरोबरच करावा, म्हणजे जागा दुसऱ्या कशात जाणार नाही. सी हॉक आणि अलिझे यांचा क्रम तज्ज्ञांनी पाहणी करून ठरवावा.

पैसा कोणाचा, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. संग्रहालय नौदलाचे आहे; पण तिथे येणारा पर्यटक गोव्याचा आहे आणि त्याचा लाभ राज्याला होतो, म्हणून राज्याच्या पर्यटन खात्याने या शेडचा भार उचलणे अयोग्य ठरू नये. खाऱ्या हवेत धातू कसा टिकवावा याचे ज्ञान बाहेरून आणण्याची तर गरजच नाही. वास्कोतच गोवा शिपयार्ड आहे, तिथे रोज हेच काम चालते. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना या विमानांची तपासणी आणि नोंद हा प्रकल्प म्हणून देता येईल: कुठल्या पत्र्याची जाडी किती उरली आहे, कुठे ओल आहे, कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर बसवलेला, याचे एक पक्के दप्तर तयार झाले तर पुढच्या प्रत्येक कामाला आधार मिळेल. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ या परिसरात पुष्कळ आहेत. नौदलाने परवानगी दिली, तर महिन्यातले काही दिवस मोबदल्याविना काम करायला आमच्यातले बरेच जण आनंदाने येतील.

उशीर केला की काय होते हे आपण मुंबईत पाहिले आहे. ज्या बेलफास्टने सीलँड दिले त्याच शहरात पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर ती तरंगते संग्रहालय म्हणून अनेक वर्षे मुंबईत उभी होती, लाखो लोकांनी ती पाहिली. तिच्या कायमच्या व्यवस्थेची चर्चा मात्र लांबतच गेली. तोवर जहाजाचा तळ झिजत राहिला, ते धोकादायक ठरले, न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही आणि २०१४ मध्ये ते दारुखान्यात तोडण्यात आले. पुढे तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलीत घातल्याची जाहिरात झाली आणि लोकांनी ती कौतुकाने विकत घेतली. विक्रांतविषयी लोकांना प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? ते प्रेम वेळेवर पैशांच्या आणि जबाबदारीच्या कागदावर उतरले नाही, एवढेच झाले. विराट ही दुसरी विमानवाहू नौकाही २०२० मध्ये तोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली.

याउलट मनात आणले तर काय होते याचीही उदाहरणे आहेत. काश्मीरमध्ये १९४७ साली सैन्य उतरवणाऱ्या डाकोटा विमानांची आठवण म्हणून, आयर्लंडमध्ये भंगारात निघालेले एक डाकोटा विकत घेऊन, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये हवाई दलाला देण्यात आले आणि ते स्वतःच्या पंखांनी उडत भारतात आले. ओडिशाचे नेते बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्सचे डाकोटा कोलकात्याच्या विमानतळावर कित्येक वर्षे बेवारशासारखे पडले होते. ओडिशा सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ते सुटे करून ट्रकांवरून भुवनेश्वरला आणले आणि पुन्हा जोडून उभे केले. एका राज्याने आपल्या माणसाच्या एका विमानासाठी एवढे केले. आपल्याला तर काही आणायचेही नाही, जे आहे त्यावर छप्पर घालायचे आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयएल-३८ ही टेहळणी विमानेही शेहेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर दाबोळीहून निवृत्त झाली. पुढेही विमाने निवृत्त होतच राहतील, आणि दर वेळी नवे विमान आवारात उभे करण्याचा समारंभ होईल. अशा प्रत्येक समारंभाआधी, जे आधीपासून उभे आहे त्याची सोय झाली आहे काय, असे विचारणारे लोकप्रतिनिधी गोव्याला हवे आहेत. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात मुरगाव तालुक्यातील आमदारांनी हा विषय मांडावा आणि राज्य शासनाने नौदलाशी रीतसर पत्रव्यवहार सुरू करावा, अशी या पत्राद्वारे विनंती करतो.

वाचकांपैकी ज्यांनी स्वतः, किंवा ज्यांच्या घरातील कोणी, हंसा तळावर या विमानांवर काम केले असेल, त्यांनी त्या काळची छायाचित्रे, हस्तपुस्तिका आणि कामाच्या वह्या टाकून देऊ नयेत. कुठल्या विमानावर कोणता क्रमांक कुठे होता, रंगाची छटा कोणती होती, कोणता भाग कधी बदलला, हे ठरवताना असा एक फोटोदेखील मोठ्या उपयोगाचा असतो. त्यांच्या प्रती संग्रहालयाकडे द्याव्यात, आणि मूळ प्रत घरीच कोरड्या जागी जपून ठेवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ,
वास्को, गोवा